अंतिम म्हणजे किती दिवसांत?

गावातल्या अभ्यासिकेत मी आठवड्यातून दोन संध्याकाळी राज्यशास्त्र शिकवतो. यवतमाळ जिल्ह्यातलं आमचं गाव. जिल्हा परिषदेच्या जुन्या वर्गखोलीत वीस-बावीस पोरंपोरी एमपीएससी, तलाठी आणि पोलीस भरतीचा अभ्यास करत बसतात. संविधानाचं कलम ७१ त्यांना तोंडपाठ असतं. राष्ट्रपतींच्या निवडणुकीचा वाद कोण सोडवतं? सर्वोच्च न्यायालय. त्याचा निर्णय? अंतिम. एका गुणाचा प्रश्न, पुढे चला. सोयाबीन सोंगायचे दिवस होते, निम्मा वर्ग वावरात गेलेला. मागच्या बाकावरच्या एका पोरीनं विचारलं, "सर, अंतिम म्हणजे किती दिवसांत?"

मी पुस्तक चाळलं. पुस्तकात नव्हतं, कारण कायद्यातच नाही. कलम ७१ मध्ये दिवस मोजलेले नाहीत आणि राष्ट्रपती-उपराष्ट्रपती निवडणुकीच्या १९५२ च्या कायद्यातही नाहीत. याचिका निकाल प्रसिद्ध झाल्यापासून तीस दिवसांत दाखल केली पाहिजे, एवढं आहे. ती केव्हा निकाली काढायची, यावर कायदा गप्प आहे.

पोरीचा प्रश्न घरातून आला होता. तिचे आजोबा काही वर्षांमागं ग्रामपंचायतीला उभे होते आणि दोन मतांनी पडले. यादीत दोन ठिकाणी नाव असलेल्या माणसांनी दोन्हीकडे मतदान केलं, अशी त्यांची तक्रार होती. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १५ प्रमाणे निकालानंतर पंधरा दिवसांच्या आत दिवाणी न्यायाधीशाकडे अर्ज करावा लागतो. त्यांनी तो बाराव्या दिवशी केला. त्यानंतर काळीपिवळीत बसून तालुक्याला जायचं, दुपारपर्यंत व्हरांड्यात उभं राहायचं आणि पुढची तारीख चिठ्ठीवर लिहून आणायची, असं चार वर्षांहून जास्त चाललं. कधी समोरचा वकील गैरहजर, कधी साहेब रजेवर, कधी तहसीलमधून रेकॉर्डच आलं नाही. शेवटी निकाल लागला आणि तो त्यांच्या बाजूनं लागला. पंचायतीची मुदत संपायला तेव्हा चार महिने उरले होते. "गुरुजी, निकाल तं लागला, पन आता त्याचं करू काय?" असं त्यांनी मला विचारलं होतं. निकालाची नक्कल त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून सातबाऱ्याच्या कागदांसोबत पेटीत ठेवली आहे.

वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. आणि हे गावातल्या एका जागेपुरतं राहत नाही. देशाच्या सर्वोच्च पदाची निवडणूक वादात सापडली की जगभरच्या सर्वोच्च न्यायालयांपुढं हाच पेच उभा राहतो: किती दिवसांत ऐकायचं, काय तपासायचं, आणि हिशेब जुळत नसेल तर करायचं काय. माझं मत सरळ आहे. अशा वादात सर्वोच्च न्यायालयानं पडलंच पाहिजे. पण ठरलेल्या दिवसांत पडलं पाहिजे, कागद सगळ्यांसमोर उघडे करून पडलं पाहिजे, आणि मोजणीवर भरवसा ठेवता येत नसेल तर निर्णय मतदाराच्या हाती परत दिला पाहिजे. विजेता निवडून देणं हे न्यायालयाचं काम नव्हे.

याचं सगळ्यांत स्वच्छ उदाहरण मला केनियात सापडलं. चहा-मक्याचा, आपल्यासारखाच पावसावर डोळा ठेवून बसलेला तो देश. तिथं राष्ट्राध्यक्ष थेट लोक निवडतात. २००७ च्या डिसेंबरमध्ये निवडणूक झाली, मोजणीबद्दल संशय उठला, पण हरलेल्या पक्षानं कोर्टात जायला नकार दिला. न्यायालयं सरकारच्या मुठीत आहेत, तिथं न्याय मिळणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. मग वाद रस्त्यावर गेला. अकराशेहून जास्त माणसं मेली, लाखो बेघर झाली. न्यायालयानं राजकारणात नाक खुपसू नये, असं म्हणणाऱ्यांनी हे आधी वाचावं. दार बंद असलं म्हणून वाद घरी जात नाही, तो चौकात जातो.

त्या रक्तपातातून केनियानं २०१० मध्ये नवं संविधान केलं आणि त्यात आकडे लिहिले. निकालानंतर सात दिवसांत याचिका. दाखल झाल्यापासून चौदा दिवसांत सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय. निवडणूक रद्द झाली तर साठ दिवसांत नवी निवडणूक. आमच्या पोरीच्या प्रश्नाचं उत्तर तिथं संविधानातच छापलेलं आहे.

२०१७ च्या ८ ऑगस्टला तिथं मतदान झालं. सत्तेवरचे उहुरू केन्याटा सुमारे चौदा लाख मतांनी जिंकल्याचं जाहीर झालं. हरलेले विरोधी उमेदवार रायला ओडिंगा कोर्टात गेले. आता तिथली पद्धत नीट समजून घेतली पाहिजे. प्रत्येक मतदान केंद्रावर मतं तिथल्या तिथं मोजतात आणि '३४-अ' नावाच्या नमुन्यावर आकडे लिहितात. उमेदवारांचे प्रतिनिधी त्यावर सह्या करतात आणि त्या कागदाचं चित्र यंत्रावरून वर पाठवतात. मतदारसंघाची बेरीज '३४-ब' वर होते. केंद्रं चाळीस हजारांहून जास्त. पण सगळे ३४-अ हाती येण्याआधीच निकाल जाहीर करून टाकला गेला होता. काही ३४-ब वर सह्या नव्हत्या, काहींवर सुरक्षेच्या खुणा नव्हत्या. न्यायालयानं निवडणूक आयोगाला सांगितलं, तुमचे सर्व्हर बघायला उघडा. आयोगानं ते पुरते उघडले नाहीत. १ सप्टेंबरला सरन्यायाधीश डेव्हिड मरागा यांच्या न्यायालयानं ४ विरुद्ध २ मतांनी निवडणूक रद्द केली. त्यांचा युक्तिवाद थोडक्यात असा: निवडणूक म्हणजे शेवटचा आकडा नव्हे, ती सुरुवातीपासून शेवटपर्यंतची प्रक्रिया आहे. आणि बघायला सांगितलेलं जो दाखवत नाही, त्याच्याविरुद्ध तर्क करायला न्यायालय मोकळं आहे.

चौदा लाखांचा फरक असताना निवडणूक रद्द करणं बरोबर होतं का, असा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. मला बरोबर वाटतं, आणि का वाटतं ते माझ्या स्वतःच्या हातून गेलेल्या एका कागदामुळं.

२००९ च्या विधानसभा निवडणुकीत मी केंद्राध्यक्ष होतो. झरी-जामणी तालुक्यातल्या एका पोडावर, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवर, आमचं केंद्र. शाळेची एकच खोली, त्यात मशीन, पुठ्ठ्याचा आडोसा आणि आम्ही चौघं. मतदान संपेपर्यंत अंधारलं आणि लाइट गेली. टॉर्चच्या उजेडात 'क्लोज'चं बटण दाबलं, टोटल घेतली आणि नमुना १७-सी भरायला बसलो. या कागदावर त्या केंद्राचा जमाखर्च असतो: यादीत मतदार किती, नोंदवहीत सह्या-अंगठे किती, मशीनमध्ये मतं किती, कागदी मोहरांचे नंबर कोणते. खाली मतदान प्रतिनिधींच्या सह्या. प्रत्येक प्रतिनिधीला त्याची खरी प्रत द्यावी लागते, तसा नियम आहे. मी कार्बन घालून चार प्रती काढल्या. नोंदवही आणि मशीन यांचा आकडा जुळला तेव्हा आम्हा चौघांच्या जिवात जीव आला. दिवसभरात एका जरी माणसानं सही करून मत न देता वाट धरली असती, तर तेही कुठं नोंदलं आहे ते दाखवावं लागलं असतं.

प्रतिनिधींमध्ये पोडावरचा एक पोरगा होता, बावीस-तेवीस वर्षांचा. त्यानं प्रत घेतली, चौघडी केली आणि बंडीच्या आतल्या खिशात ठेवली. मला विचारलं, "गुरुजी, हा कागद कधीलोक जपाचा?" मी घाईत होतो, ट्रक येऊन थांबला होता. म्हणालो, निकाल लागेपर्यंत ठेव, मग फेकून दे. मी चुकीचं सांगितलं. विधानसभेच्या निकालाविरुद्ध पंचेचाळीस दिवसांत उच्च न्यायालयात याचिका करता येते आणि तेव्हा असा कागदच पुरावा असतो. तो तरी पंचेचाळीस दिवस जपायला सांगायला हवा होता. इतकी वर्षं झाली, ती चौघडी माझ्या मनातून जात नाही.

केनियाचा निकाल वाचताना म्हणूनच मला तो खिसा आठवला. चौदा लाखांचा आकडा कुठून येतो? चाळीस हजार केंद्रांवरच्या चाळीस हजार कागदांतून येतो. कागद नसतील, किंवा सह्यांविना असतील, तर वरचा आकडा कितीही मोठा असो, तो कुणीतरी सांगितलेला आकडा आहे. पतपेढीचा सचिव वहीच्या पावत्या दाखवत नसेल आणि 'नफा एवढा मोठा आहे की चार पावत्यांनी काय होतं' म्हणत असेल, तर वार्षिक सभेत एकही सभासद ताळेबंद मंजूर करणार नाही.

यात दुसरी बाजू आहे आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. निकालानंतर केनियात सगळं गोड झालं नाही. केन्याटांनी निकाल मानतो म्हणून सांगितलं आणि त्याच दिवसापासून न्यायाधीशांना सभेत भामटे म्हणायला लागले. २६ ऑक्टोबरला फेरनिवडणूक ठेवली. ती पुढं ढकलावी अशी याचिका आदल्या दिवशी सुनावणीला होती, तेव्हा सात न्यायाधीशांपैकी दोघंच कोर्टात पोहोचले आणि गणपूर्तीअभावी सुनावणीच झाली नाही. त्याच्या आदल्या दिवशी उपसरन्यायाधीशांच्या गाडीच्या चालकावर गोळी झाडली गेली होती. ओडिंगांनी फेरनिवडणुकीवर बहिष्कार टाकला आणि केन्याटा ९८ टक्के मतांनी निवडून आले, मतदान चाळीस टक्क्यांच्याही आत. मग न्यायालयानं काय साधलं, असं कुणी विचारेल.

उत्तर पाच वर्षांनी मिळालं. २०२२ मध्ये आयोगानं देशभरच्या केंद्रांवरचे ३४-अ कागद संकेतस्थळावर टाकले, कुणीही उतरवून घ्यावेत आणि बेरीज करावी. वर्तमानपत्रांनी केली, विद्यार्थ्यांनी केली. फरक अवघा दोन लाख तेहतीस हजारांच्या आसपास होता, आयोगाच्या सातपैकी चार सदस्यांनी निकालातून अंग काढून घेतलं होतं, म्हणजे भडका उडायला सगळं सरपण तयार होतं. पुन्हा याचिका झाली. चौदा दिवसांत, ५ सप्टेंबरला, सातही न्यायाधीशांनी एकमतानं ती फेटाळली. हरलेल्यांनी निकाल पटला नाही असं सांगितलं आणि मानला. २०१७ ला न्यायालयानं कान धरला नसता तर २०२२ ला ते कागद उघडे झाले असते, असं मला वाटत नाही.

मलावीचीही गोष्ट तशीच, फक्त तिथं खाडाखोड डोळ्यांना दिसणारी होती. २०१९ च्या निवडणुकीतल्या बेरजेच्या कागदांवर आकडे पांढऱ्या शाईनं खोडून नवे लिहिले होते. आपण उत्तरपत्रिकेवर असलं काही दिसलं तर लाल पेनानं गोल करतो. पाच न्यायाधीशांच्या पीठानं ३ फेब्रुवारी २०२० रोजी निवडणूक रद्द केली. त्या दिवशी न्यायाधीश गोळीरोधक जाकिटं घालून, लष्कराच्या पहाऱ्यात कोर्टात आले होते. ८ मेला तिथल्या सर्वोच्च अपील न्यायालयानं तो निकाल कायम केला आणि जूनमधल्या फेरनिवडणुकीत सत्तांतर झालं. फक्त तिथं मतदानापासून अखेरच्या निकालापर्यंत जवळजवळ वर्ष गेलं. वर्षभर ज्याची निवड अखेर रद्द ठरली, तोच राष्ट्राध्यक्ष म्हणून सह्या करत होता.

हे गरीब देशांचे नखरे आहेत असं समजू नये. ऑस्ट्रियात २०१६ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाची फेरी ३०,८६३ मतांनी ठरली. काही ठिकाणी टपालाची पाकिटं ठरल्या वेळेआधी, ठरलेली माणसं हजर नसताना उघडली गेली होती. घोटाळ्याचा पुरावा नव्हता. तरी अशा ७७,९२६ मतांबद्दल नियम मोडला होता आणि ती संख्या फरकापेक्षा मोठी होती, म्हणून संविधान न्यायालयानं १ जुलैला फेरी रद्द केली. पुढं पाकिटांचा डिंक नीट चिकटत नाही म्हणून फेरमतदान आणखी दोन महिने लांबलं. डिसेंबरमध्ये तेच उमेदवार पुन्हा जिंकले, जास्त फरकानं. हरलेल्याला कुरबुरीला जागा उरली नाही.

याच्या उलट अमेरिकेचं. २००० साली फ्लोरिडात सुमारे साठ लाख मतांत फरक ५३७ चा. छिद्र अर्धवट पडलेल्या मतपत्रिका हातानं मोजायचं राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं. देशाच्या सर्वोच्च न्यायालयानं ९ डिसेंबरला ती मोजणी थांबवली आणि १२ डिसेंबरला ५ विरुद्ध ४ नं सांगितलं, मोजणीची पद्धत सगळीकडे सारखी नाही आणि आता ती सुधारायला वेळही नाही. वेळ का नव्हता? तीन दिवस त्यांनीच थांबवली होती म्हणून. वर निकालपत्रात असंही म्हटलं की आमचा विचार या प्रसंगापुरता आहे. मला हे वाक्य सगळ्यांत जास्त खटकतं. उद्याच्या खटल्याला लागू होणार नाही असा नियम न्यायाधीश सांगतो, तेव्हा ऐकणाऱ्याला तो नियम वाटत नाही, निवड वाटते. मागे पडलेले उमेदवार अल गोर यांनी दुसऱ्या दिवशी हार मानली, देश शांत राहिला, हे खरं. पण मतं मोजायची राहिली. इथं मुदत पाळली गेली आणि तिच्याच नावावर मोजणी बुडाली. म्हणून मी मुदत एकटी मागत नाही. मुदत कोर्टानं स्वतःला लावून घ्यायची असते, मतपेटीला नव्हे.

आता आपल्याकडे येतो. आपले राष्ट्रपती थेट लोकांच्या मतानं निवडले जात नाहीत, त्यामुळं हा वाद आपल्याला परका वाटतो. तो परका नाही, आणि विदर्भाला तर मुळीच नाही.

नागपूरचे डॉ. ना. भा. खरे, १९३७ साली मध्यप्रांत-वऱ्हाडच्या काँग्रेस मंत्रिमंडळाचे प्रमुख, हे १९५७ साली सर्वोच्च न्यायालयात गेले होते. हिमाचल प्रदेश आणि पंजाबच्या काही भागांतल्या निवडणुका अजून व्हायच्या होत्या, म्हणजे राष्ट्रपती निवडणारं मतदारमंडळ अपुरं होतं, तेव्हा राष्ट्रपतींची निवडणूक पुढं ढकला, अशी त्यांची मागणी. न्यायालय म्हणालं, आधी निवडणूक पुरी होऊ द्या, वाद त्यानंतर. निवडणूक झाल्यावर खरे पुन्हा गेले. तेव्हा सांगण्यात आलं की नुसता नागरिक म्हणून तुम्हाला हा हक्क नाही. उमेदवार असाल किंवा कायद्यानं ठरवलेल्या संख्येनं मतदार एकत्र आले तरच याचिका चालेल. पुढं १९६१ च्या अकराव्या घटनादुरुस्तीनं संसदेनं मुद्दाच मिटवला: मतदारमंडळात जागा रिकाम्या आहेत या कारणावरून निवडणुकीला आव्हान देता येणार नाही. पहिला निर्णय मला पटतो, नाहीतर प्रत्येक निवडणूक मतदानाआधीच अडकून पडेल. दुसऱ्याबद्दल मन खात राहतं. आमच्या गावात पंचायतीच्या निवडणुकीला कुणीही मतदार आव्हान देऊ शकतो, उमेदवारच असला पाहिजे असं नाही. राष्ट्रपतींच्या निवडणुकीला मात्र उमेदवार किंवा वीस मतदार, म्हणजे वीस खासदार-आमदार, लागतात.

१९६९ ची निवडणूक तर फारच अटीतटीची झाली. झाकीर हुसेन पदावर असताना वारले. व्ही. व्ही. गिरी काळजीवाहू राष्ट्रपती झाले आणि स्वतः उभं राहायचं म्हणून २० जुलैला पायउतार झाले. तेव्हा सरन्यायाधीश एम. हिदायतुल्ला यांनी महिनाभर राष्ट्रपतिपदाचा कार्यभार सांभाळला. नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिकलेले, नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश राहिलेले हे गृहस्थ. निवडणुकीत गिरींना ४,२०,०७७ आणि नीलम संजीव रेड्डींना ४,०५,४२७ इतकं मतमूल्य पडलं, तेही दुसऱ्या पसंतीची मतं मोजल्यावर. रेड्डींची बदनामी करणारं निनावी पत्रक संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात वाटलं गेलं, अशी तक्रार सर्वोच्च न्यायालयात गेली. पाच न्यायाधीशांनी ती ऐकली, न्यायमूर्ती सिक्री पीठाचे प्रमुख. ज्यांनी त्या निवडणुकीच्या काळात राष्ट्रपतींची खुर्ची सांभाळली होती, ते हिदायतुल्ला त्या पीठावर नव्हते, हे योग्यच झालं. गिरी पदावरचे राष्ट्रपती असून साक्षीदार म्हणून स्वतः न्यायालयात आले. त्यांची उलटतपासणी झाली. १९७० मध्ये याचिका फेटाळली गेली. मी हा प्रसंग वर्गात दर वर्षी सांगतो. देशाचा पहिला नागरिक साक्षीला येतो आणि वकिलाच्या प्रश्नांना उत्तरं देतो, हे ऐकताना पोरांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

मग १९७५ आलं. १२ जूनला अलाहाबाद उच्च न्यायालयानं इंदिरा गांधींची निवड रद्द ठरवली, आणीबाणी लागली, आणि ऑगस्टमध्ये ३९ वी घटनादुरुस्ती झाली. लोकसभा, राज्यसभा, राज्यांच्या विधानसभा आणि राष्ट्रपतींची सही, सगळं ७ ते १० ऑगस्ट या चार दिवसांत. ११ तारखेला सर्वोच्च न्यायालयात सुनावणी होती, ती गाठायची होती. पंतप्रधानांच्या निवडीला दिलेलं कवच सर्वांना आठवतं. त्याच दुरुस्तीनं राष्ट्रपतींच्या निवडणुकीचा वादही सर्वोच्च न्यायालयाकडून काढून घेतला होता, हे फार कमी जणांना आठवतं. ७ नोव्हेंबरला न्यायालयानं पंतप्रधानांबाबतचं कलम फेकून दिलं. राष्ट्रपतींबाबतचा अधिकार न्यायालयाला परत मिळाला तो ४४ व्या घटनादुरुस्तीनं, जनता सरकारच्या काळात. कलम ७१ मधला 'सर्वोच्च न्यायालय' हा शब्द असा एकदा पुसला जाऊन पुन्हा लिहिला गेलेला आहे. पोरांनी तो पाठ करताना हे माहीत असलेलं बरं.

अलीकडचा वाद २०१२ चा. पी. ए. संगमा हरले आणि प्रणव मुखर्जींच्या निवडीला त्यांनी आव्हान दिलं. भारतीय सांख्यिकी संस्थेचं अध्यक्षपद हे लाभाचं पद आहे, असा मुद्दा. निवडणुकीचा निकाल २२ जुलैला लागला होता. या याचिकेवर रीतसर सुनावणी घ्यायची की नाही, एवढंच ठरायला ५ डिसेंबर उजाडला, आणि ३ विरुद्ध २ मतांनी ठरलं की नको. दोन न्यायाधीश म्हणाले, ऐकायला हवं. माझ्या मते ते दोघं बरोबर होते. मुद्द्यात दम नसेल तर ऐकून फेटाळा. पाचपैकी दोघांना ऐकावंसं वाटतं असा प्रश्न दारातूनच परत पाठवणं बरं दिसत नाही. आणि दारात उभं करायलाच साडेचार महिने लागत असतील, तर आत घेतल्यावर किती लागले असते?

यात कलम ७१ ची आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. राष्ट्रपतींची निवड पुढं रद्द झाली, तरी निर्णयाच्या दिवसापर्यंत त्यांनी पदावरून केलेली कामं रद्द होत नाहीत. ही तरतूद हवीच, नाहीतर देशाचा कारभार कोसळेल. पण तिचा अर्थ असाही होतो की निकाल जितका लांबेल तितक्या जास्त सह्या पक्क्या होत जातील: कायद्यांवरच्या, नेमणुकांवरच्या, दयेच्या अर्जांवरच्या. फाशीच्या कैद्याचा दयेचा अर्ज फेटाळून झाला, शिक्षा झाली आणि मग कळलं की सही करणाऱ्याची निवडच अवैध होती, तर त्या घरानं कोणाकडं जायचं?

कुणी म्हणतं, मुदत घालून न्यायालयाला घाईत ढकलू नका. चौदा दिवस फार कमी आहेत, हे मलाही मान्य आहे. केनियात चाळीस हजार केंद्रांचे कागद दोन आठवड्यांत तपासायचे असतात, न्यायाधीशांनी रात्री जागवल्या. पण आपलं ओझं किती? २०२२ च्या राष्ट्रपती निवडणुकीत मतदार होते ४,८०९. त्यांतले ७७६ खासदार, ४,०३३ आमदार. आमच्या बाजारगावाची ग्रामपंचायत यादी याच्या आसपास आहे. जितकी माणसं एका मोठ्या खेड्यात मत देतात, तितकीच माणसं भारताचा राष्ट्रपती निवडतात. प्रत्येकाचं नाव छापलेलं, प्रत्येक मताचं मूल्य ठरलेलं, महाराष्ट्राच्या आमदाराचं १७५. एवढ्या यादीच्या वादाला साठ दिवस पुरत नाहीत, असं मला कुणी पटवून द्यावं. लोकसभा-विधानसभेच्या याचिका सहा महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा, असं लोकप्रतिनिधित्व कायद्यात लिहिलं तरी आहे. ते पाळलं जात नाही ही वेगळी दुखणी. राष्ट्रपतींच्या बाबतीत तेवढंही लिहिलेलं नाही.

म्हणून मी आमच्या खासदारांना पत्र लिहिलं आहे. खासदार अशासकीय विधेयक मांडू शकतात आणि राष्ट्रपती निवडणुकीत ते स्वतः मतदारही असतात, तेव्हा हा त्यांचा घरचा विषय आहे. १९५२ च्या कायद्यात दोन गोष्टी घाला, असं लिहिलं. याचिका दाखल झाल्यापासून साठ दिवसांत सर्वोच्च न्यायालयानं निर्णय द्यावा. आणि ऐकायची की नाही हे पहिल्या पंधरा दिवसांत, कारणांसह ठरवावं. तिसरी मागणी राज्यासाठीची, ती आमदारांना वेगळ्या पत्रात: ग्रामपंचायतीच्या कलम १५ खालच्या अर्जांनाही सहा महिन्यांची बांधील मुदत असावी. पत्राचा मसुदा अभ्यासिकेतल्या पोरांनी दोनदा दुरुस्त केला. साठचे तीस करा, असा त्या पोरीचा हट्ट होता. मी साठवरच राहिलो, कारण पुराव्याला वेळ द्यायला हवा असं मला अजून वाटतं.

रजिस्टर पोस्टाची पावती तिनं स्वतःकडं ठेवून घेतली आहे. सध्याच्या राष्ट्रपतींची मुदत २०२७ च्या जुलैत संपते, त्याआधी पुढची निवडणूक होईल. पावती कधीपर्यंत ठेवायची, हे यावेळी मी तिला नीट सांगितलं.